घाम आणि वजनकाटा

मेलबर्नच्या ऑस्ट्रेलियन फुटबॉल संघांचे सामने मार्चमध्ये सुरू होतात. त्याआधीचा सराव चालतो डिसेंबर-जानेवारीत, म्हणजे तिकडच्या ऐन उन्हाळ्यात. पाहणाऱ्याचे लक्ष लांबट चेंडूवर असते. आपण वजनकाट्याकडे पाहू. सरावाआधी आणि नंतर खेळाडूंचे वजन करतात, तेही अंग पुसून, कारण कपड्यांत मुरलेला घामही काट्यावर चढतो. समजा, ८० किलोचा खेळाडू ७९ भरला आणि मध्ये पाणी प्यायला नाही, तर जवळजवळ एक लिटर घाम गेला. तो सगळा त्वचेवर वाळला तर सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातो. एवढी उष्णता अंगात साठली असती तर तापमान आठ अंश सेल्सिअसहून अधिक चढून खेळाडू दगावला असता! ठिबकून गेलेला घाम मात्र हे काम करत नाही. म्हणूनच दमट हवेत वजन तेवढेच घटले, तरी अंग तापतच राहते.