ताट तेच, मग साखर का वाढली?

"चहात साखर घेत नाही, गोड खात नाही, भातही कमी केला. तरी रिपोर्टमध्ये शुगर कशी आली?" चाळिशी-पन्नाशीतल्या बंधू-भगिनींकडून हा प्रश्न आम्हाला वारंवार ऐकायला मिळतो. उत्तर शोधताना आपण सगळे ताटाकडेच पाहतो. ताट महत्त्वाचे आहेच, पण या वेळी आपण अपुऱ्या झोपेकडे आणि उशाशी असलेल्या मोबाईलकडे पाहू.

प्रश्न मोठा आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेले आकडे सांगतात की, देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. आपण अंगाने बारीक आहोत म्हणून सुटलो, असेही नाही. भारतीय माणूस वजनाने हलका दिसला तरी त्याच्या शरीरात चरबीचे प्रमाण जास्त असू शकते, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी जगापुढे मांडले आहे.

झोपेचा आणि साखरेचा संबंध

जेवल्यावर अन्नातील साखर रक्तात येते. मग स्वादुपिंडातून इन्सुलिन निघते. त्याच्यामुळे स्नायू ही साखर उचलतात आणि यकृत आपल्याकडची साखर सोडणे थांबवते. झोप अपुरी झाली की शरीर ताणाखाली राहते आणि स्नायूंवर इन्सुलिनचा पूर्वीसारखा परिणाम होत नाही. तेवढ्याच भाकरीसाठी स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन तयार करावे लागते. पंचविशीत ते हा भार सोसते. चाळिशीनंतर स्नायू घटू लागतात, पोटावरची चरबी वाढते, स्वादुपिंडाची ताकदही कमी होते. मग तोच भार रिपोर्टच्या आकड्यात दिसू लागतो.

शिकागो विद्यापीठातील संशोधकांनी ११ निरोगी तरुणांना सलग सहा रात्री फक्त चार-चार तास झोपू दिले. १९९९ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. सहा रात्रींतच या तरुणांची साखर हाताळण्याची क्षमता स्पष्टपणे घसरली होती. तिथल्याच २००४ च्या अभ्यासात दोन रात्री कमी झोपलेल्यांमध्ये भूक वाढवणारे संप्रेरक वाढले आणि पोट भरल्याची जाणीव देणारे घटले. त्यांना गोड, खारट आणि पिठूळ पदार्थ खावेसे वाटू लागले. जागरणानंतर फरसाणाच्या डब्याकडे हात जातो, त्याला केवळ जिभेचा दोष देऊन चालत नाही.

मोबाईल नेमके काय करतो?

पडद्याच्या प्रकाशामुळे झोपेची तयारी करणारे मेलॅटोनिन उशिरा वाढते, हे खरे आहे. अमेरिकेत १२ जणांवर झालेल्या एका अभ्यासात रात्री पडद्यावर पुस्तक वाचणाऱ्यांना, छापील पुस्तक वाचताना लागे त्यापेक्षा सुमारे दहा मिनिटे उशिरा झोप लागली. म्हणजे नुकसान केवळ प्रकाशाने होत नाही. "एकच व्हिडिओ बघतो" म्हणून साडेदहाला घेतलेला मोबाईल बारा वाजता खाली ठेवला जातो, ते दीड तास झोपेतूनच जातात. त्यात मालिका बघत उशिरा जेवण झाले की जेवणानंतरची साखर अधिक चढते, कारण रात्री शरीर साखर हाताळण्यात मंद असते. म्हणून पडद्याचा रंग पिवळा करून भागत नाही, पडदा बंद करावा लागतो.

झोप सगळ्या घराची

एकाच खोलीत चार-पाच माणसे झोपतात, तिथे एकाने ठरवून झोप मिळत नाही. टीव्ही चालू, मुलाचा मोबाईल चालू, दिवा चालू. आई सगळ्यांच्या शेवटी आडवी होते आणि पाणी भरायला, डबा करायला पहाटे सगळ्यांच्या आधी उठते. तिची झोप दोन्ही टोकांनी कापली जाते. पाळी थांबण्याच्या वयात झोप आधीच मोडते, त्यात ही भर. तेव्हा आईला "लवकर झोपत जा" एवढेच सांगणे पुरेसे नाही. डबा रात्रीच अर्धा तयार करणे, भांडी मुलांनी आणि बाबांनी घासणे, हीसुद्धा तिच्या शुगरवरची काळजीच आहे.

काय करता येईल?

• टीव्ही आणि मोबाईल बंद करण्याची एकच वेळ सगळ्या घराने ठरवावी. मोबाईल अंथरुणापासून दूर चार्जिंगला लावावा. गजरासाठी साधे घड्याळ पुरते.
• रात्रीचे जेवण झोपण्याच्या दोन-तीन तास आधी घ्यावे. जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटे चालावे.
• किमान सात तास झोप मिळेल असा हिशेब उठण्याच्या वेळेपासून मागे मोजावा. पाचला उठायचे असेल तर दहाला दिवा बंद.
• रात्रपाळी असणाऱ्यांनी मध्यरात्रीनंतर जड जेवण टाळावे. घरी आल्यावर मोबाईल न बघता, खिडकीला जाड पडदा लावून झोपावे. घरच्यांनी ती वेळ त्यांची रात्र समजावी.
• मोठ्याने घोरणे, झोपेत श्वास अडकणे, दिवसा डुलक्या येणे अशी लक्षणे असतील तर डॉक्टरांना दाखवावे. झोपेच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. मधुमेहाची औषधेही परस्पर कमी करू नयेत.

याचा उपयोग होतो का? २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कमी झोपणाऱ्या, जादा वजनाच्या ८० प्रौढांपैकी काहींना झोप वाढवण्याचा सल्ला देण्यात आला. ते रोज सुमारे सव्वा तास जास्त झोपू लागले. कोणतेही पथ्य न सांगता त्यांचे खाणे दिवसाला सरासरी २७० कॅलरींनी कमी झाले, म्हणजे जवळपास दोन भाकऱ्यांइतके.

तिशी ओलांडलेल्यांची मधुमेह आणि रक्तदाबाची तपासणी सरकारी उपकेंद्रात व प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत होते. आशाताईंना विचारावे. उपाशीपोटी साखर १०० ते १२५ असेल तर आपण उंबरठ्यावर आहोत. १२६ किंवा त्याहून जास्त असेल तर डॉक्टर पुन्हा तपासून निदान करतात. घरी शिवणाची टेप असेल तर कंबर मोजावी. पुरुषांची ९० सेंटिमीटरपेक्षा आणि स्त्रियांची ८० सेंटिमीटरपेक्षा जास्त भरली, तर तपासणी पुढे ढकलू नये. उंबरठ्यावरून मागे फिरता येते, म्हणूनच आकडा वेळेवर कळायला हवा.