हेमंतातील रात्रपाळी आणि आपले कर्तव्य

हिंगोली जिल्ह्याचा परिचय करून देताना औंढ्याचे ज्योतिर्लिंग, संत नामदेवांची नर्सी आणि वसमतची हळद यांचा उल्लेख आवर्जून होतो. थंडीचा मात्र कधीच होत नाही. आपला भाग उन्हाळ्याचा, म्हणून शीतजन्य विकार ही आपली समस्या नव्हे, असा समज आपल्याही मनात रुजलेला आहे. वस्तुस्थिती निराळी आहे. शेजारच्या परभणी येथील कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेत डिसेंबर २०१८ च्या अखेरीस पारा ५ अंश सेल्सिअसच्याही खाली उतरला होता.

या थंडीत काम करतो कोण, हा खरा प्रश्न आहे. गहू व हरभऱ्याला पाणी देण्याचे दिवस नेमके मार्गशीर्ष-पौषातले. कृषिपंपांना वीज वर्षानुवर्षे दिवसा-रात्रीच्या पाळीने मिळत आली. दिवसा वीज मिळावी म्हणून २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली खरी. तथापि ज्याच्या वाट्याला रात्रीची पाळी येते, त्याला मध्यरात्री अनवाणी पायांनी दारे धरण्यावाचून गत्यंतर नसते. सकाळी तोच आपल्या चिकित्सालयात येतो; कधी पायांच्या बधिरतेची, कधी संधिशूलाची, तर कधी छातीत कोंडल्याची तक्रार घेऊन.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सहाव्या अध्यायात हेमंतचर्या विस्ताराने आली आहे. अभ्यंग, शिरस्तैल, उष्णोदक, स्निग्ध व अम्ल-लवण आहार, जाड प्रावरणे आणि उबदार गर्भगृहातील निवास असा तो उपदेश आहे. आम्हांस नम्रपणे सुचवावयाचे आहे ते हे की, हा उपदेश घरात राहू शकणाऱ्या मनुष्यास उद्देशून आहे. रात्री दोन वाजता पाटाच्या पाण्यात उभ्या असलेल्या शेतकऱ्यास तो जसाच्या तसा सांगणे म्हणजे चिकित्सा नव्हे. मूळ तत्त्व राखून त्याचा काल व क्रम बदलणे हे वैद्याचे काम आहे.

पहिले तत्त्व अग्नीचे. हेमंतात अग्नी बलवान असतो आणि त्यास पुरेसे इंधन न मिळाल्यास तो रसधातूचेच शोषण करतो. मग वात प्रकुपित होतो. म्हणून रात्रपाळीस उपाशीपोटी जाऊ नये. बाजरीची भाकरी, तीळ, गूळ, तूप हे आपल्या घरचेच अन्न त्यासाठी पुरेसे आहे. निघण्यापूर्वी पायांस तिळतेल चोळावे. परतल्यावर पाय कोरडे करून मगच शेक घ्यावा. ओलावा हाच येथे मुख्य शत्रू होय. पाणी हे हवेच्या सुमारे २५ पट वेगाने शरीराची उष्णता काढून घेते. तापमान १० ते १५ अंश असतानाही दीर्घकाळ भिजलेल्या पायांस इजा होऊ शकते. रबरी गमबूट आणि कोरड्या मोज्यांचा एक जादा जोड ही या ठिकाणी औषधाइतकीच मोलाची योजना आहे.

दुसरा मुद्दा मद्याचा. हेमंतचर्येत मद्याचा उल्लेख आहे, त्याचा आधार घेऊन काही जण रात्री शिवारात मद्य घेतात. मद्याने त्वचेतील रक्तवाहिन्या विस्फारतात, ऊब वाटते, परंतु आतील उष्णता वेगाने बाहेर जाते. गर्भगृहातील मनुष्यास सांगितलेली गोष्ट उघड्या रानात घातक ठरते, हे रुग्णास स्पष्ट सांगावे.

तिसरा मुद्दा सर्वांत गंभीर आहे. आखाड्यावरील किंवा घरातील बंद खोलीत निखाऱ्यांची शेगडी ठेवून झोपण्याची प्रथा आहे. स्वेदाध्यायात जेंताक स्वेदाचे वर्णन करताना कूटागारास अनेक गवाक्षे ठेवण्यास आणि लाकडे जळून धूर गेल्यावरच आत प्रवेश करण्यास सांगितले आहे. त्यापुढची सावधगिरी आपण शिकवली पाहिजे. धूर दिसत नसला तरी निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड हा गंधहीन वायू निघतच असतो आणि झोपेतच मृत्यू ओढवू शकतो. शेगडी उघड्यावर असावी. झोपण्याच्या खोलीत ती नसावी.

मधुमेही रुग्णांच्या पायांची संवेदना कमी झालेली असते. त्यांना निखाऱ्याचा वा गरम विटेचा शेक सांगू नये. थंडीत रक्तवाहिन्या आकुंचित होऊन रक्तदाब वाढतो, म्हणून छातीतील वेदना 'वात धरला' म्हणून सोडून देऊ नये. गारठलेल्या रुग्णाची थरथर थांबून बोलणे अडखळू लागले, तर चोळण्यात वेळ न दवडता ओले कपडे काढून, कोरड्या पांघरुणात गुंडाळून त्यास रुग्णालयात हलवावे.

शेवटी स्वगृहाकडे वळू. आपल्या फार्मसीत पहाटे गार फरशीवर बसून बाटल्या व वनस्पती धुणाऱ्या भगिनींचे हात आपण कधी पाहिले आहेत काय? भेगाळलेला हात ही तिची वेदना आहे आणि औषधाच्या शुद्धतेसही तो धोका आहे. उत्तम निर्माण पद्धतीसंबंधीच्या अनुसूची 'टी' मध्ये कामगारांचा पोशाख कामाच्या स्वरूपास तसेच हवामानास अनुरूप असावा, असे म्हटले आहे. तपासणीच्या दिवशी आपणांस टोपी व मुखपट्टी आठवते. 'हवामान' हा शब्द मात्र नजरेआड होतो. काढ्याच्या भट्टीवर तापवलेले कोमट पाणी, रबरी हातमोजे, बसण्यास लाकडी पाट आणि थंडीच्या दिवसांत धुण्याचे काम ऊन आल्यावर सुरू करणे, एवढ्याने बरेच साधते. यास फार मोठा खर्च नाही.

हेमंतचर्या रुग्णास सांगण्यापूर्वी ती आपल्या छपराखाली आचरणात यावी. या हिवाळ्यात प्रत्येक वैद्यबंधूने रात्रपाळीच्या रुग्णास 'रात्री पायांत काय घालता?' आणि 'शेगडी कोठे ठेवता?' हे दोन प्रश्न अवश्य विचारावेत, एवढीच आमची विनंती आहे.