परमुलखातून आलेली माया

बांधकामावर आई-बाप घमेली वाहतात, तेव्हा त्यांची पोरे कोण सांभाळणार? मुंबईत नरिमन पॉइंटच्या अशाच मजुरांच्या मुलांसाठी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियाचे वाणिज्यदूत टॉम हॉलंड यांनी ‘अपनालय’ सुरू केले. पुढे इंग्लंडहून सून म्हणून मुंबईत आलेल्या अॅनाबेल मेहता स्वयंसेविका झाल्या आणि अनेक वर्षे संस्थेच्या अध्यक्षा राहिल्या. गोवंडीच्या शिवाजीनगरात, देवनारच्या कचऱ्याच्या डोंगराशेजारी, हे काम रुजले.

एक दिवस खाऊ वाटून परतणे सोपे असते. पुन्हा पुन्हा जाणाऱ्यावरच वस्तीचा विश्वास बसतो.

आपल्या शिवारातही ऊसतोडीच्या कोप्या पडतात. तिथल्या मुलांना अक्षरे शिकवायला, आठवड्यातून एक तास, आपल्या घरातून कोण जाईल?