शिट्टीच्या आधी उठणारे

एका तारखेपासून सुरुवात करू. ८ नोव्हेंबर २०१५. इंग्लंडमधल्या लिव्हरपूल शहरातलं अ‍ॅनफील्ड हे मैदान. यर्गन क्लॉप नावाचे जर्मन प्रशिक्षक महिन्याभरापूर्वीच लिव्हरपूल संघाकडे आलेले. समोर क्रिस्टल पॅलेसचा संघ, बरोबरी एक-एक. ब्याऐंशीव्या मिनिटाला पॅलेसच्या स्कॉट डॅनने गोल केला आणि लिव्हरपूल मागे पडलं. अजून आठ मिनिटं आणि वर रेफरी देईल ती वाढीव वेळ बाकी होती. पण क्लॉपनी मागे वळून पाहिलं तर लोक उठून पायऱ्या चढत दरवाज्याकडे चाललेले. सामन्यानंतर ते पत्रकारांना जे बोलले त्याचा आशय असा, की त्या क्षणी मला फार एकटं वाटलं; आणि सामना कधी संपला हे आपण ठरवायचं असतं.

हे वाक्य एखाद्या छोट्या क्लबच्या प्रशिक्षकाने म्हटलं असतं तर कुणी लक्षही दिलं नसतं. पण लिव्हरपूलचे चाहते सामन्याआधी जे गाणं म्हणतात त्याचं नावच 'यू विल नेव्हर वॉक अलोन'. म्हणजे एकटं न सोडण्याचं वचन दर सामन्याला हजारो माणसं एका सुरात देणार, आणि एक गोल खाल्ल्यावर गाडीच्या किल्ल्या काढणार. क्लॉपना लागलं ते इथे.

आता उठणाऱ्याची बाजू ऐकू. न्याय म्हणून ऐकायलाच हवी. अ‍ॅनफील्ड जुन्या बैठ्या घरांच्या वस्तीत आहे, शेजारी रेल्वे स्टेशन नाही, गल्ल्या अरुंद. शिट्टी वाजल्यावर एवढी माणसं एकदम बाहेर पडली की बस मिळवायला तास जातो. दहा मिनिटं आधी निघालेला माणूस घरी चहा पीत असतो. त्यात सामन्यांच्या वेळा आता चाहत्यांच्या सोयीने ठरत नाहीत. एके काळी इंग्लंडमध्ये सामना म्हणजे शनिवार दुपारी तीन वाजता. कारखान्यांना शनिवारी अर्धी सुट्टी, तिथून माणसं थेट मैदानावर. १९९२ मध्ये प्रीमियर लीग सुरू झाली, दूरचित्रवाणीचा पैसा आला आणि सामने रविवारी, सोमवारी रात्रीही व्हायला लागले. सोमवारी रात्री लंडनमध्ये सामना पाहायला आलेला न्यूकॅसलचा माणूस शेवटपर्यंत बसला तर त्या रात्री त्याला घरची गाडी नाही. त्याला निष्ठेचे धडे द्यायला मी तयार नाही. लहान पोर सोबत आहे, सकाळची पाळी आहे, गुडघे धरले आहेत, ही सगळी खरी कारणं आहेत.

आणि एक जुनी गंमत सांगतो. इंग्लंडच्या मैदानांवर पूर्वी पाऊण सामना झाला की बाहेर जाण्याचे दरवाजे उघडत, लवकर निघणाऱ्यांसाठी. त्या उघड्या दरवाज्यांतून, तिकिटाला पैसे नसलेली पोरं आत शिरत आणि शेवटची पंधरा-वीस मिनिटं फुकट बघत. कित्येकांनी फुटबॉल पहिल्यांदा पाहिला तो असा. एकाला जी वेळ टाकाऊ वाटली तीच दुसऱ्याचा आख्खा सामना होती. मला हे चित्र फार आवडतं. पण त्यावर तत्त्वज्ञान रचायला नको, पुढे जाऊ.

अर्थशास्त्रज्ञ या प्रश्नाला चटकन निकालात काढतो. तो म्हणेल, तिकिटाचे पैसे गेले ते गेले. बसलात तरी परत येत नाहीत, उठलात तरी नाहीत. तेव्हा उरलेल्या दहा मिनिटांचा आनंद जास्त की लवकर घरी जाण्याचा, एवढंच बघा. रिचर्ड थेलर यांनी १९८० च्या एका निबंधात एक कुटुंब रंगवलं आहे. साठ मैलांवरच्या बास्केटबॉलच्या सामन्याची तिकिटं त्यांनी चाळीस डॉलर देऊन काढली आहेत आणि नेमकं त्या दिवशी हिमवादळ येतं. तरी ते जातात. तिकिटं फुकट मिळाली असती तर घरीच बसले असते. बुडालेल्या पैशाच्या मागे माणूस कसा फरफटतो, हे त्यांना दाखवायचं होतं. बरोबर आहे. 'पैसे भरलेत म्हणून बसतो' हे कारण कच्चंच आहे. पण याचा अर्थ बसण्याला दुसरं कारणच नाही असा होत नाही. अर्थशास्त्रज्ञाने सामन्याचे नव्वद तुकडे केले, प्रत्येकाला किंमत लावली. सामना म्हणजे किलोवर मिळणारी वस्तू नव्हे, की शेवटचे शंभर ग्रॅम नको म्हणून दुकानदाराला सांगावं.

इथे मला आपल्या परंपरेतल्या एका विचाराची मदत घ्यायची आहे. अभिनवगुप्ताने भरताच्या नाट्यशास्त्रावर लिहिताना रसाच्या आड येणारी सात विघ्नं सांगितली आहेत. त्यातलं एक असं, की प्रेक्षक स्वतःच्या खाजगी सुखदुःखात गुरफटलेला असतो. घरची काळजी डोक्यात घेऊन नाटकाला बसलेल्याला रस मिळत नाही, कारण त्याचं 'मी आणि माझं' सुटलेलं नसतं. नाट्यगृहात शेवटचा प्रवेश चालू असताना गाडी बाहेर काढायला उठणारी मंडळी आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. आणि व्याख्यानात 'आभारप्रदर्शन' हा शब्द उच्चारला की खुर्च्यांचा जो आवाज होतो तो तर मी चाळीस वर्षं ऐकतोय. (हशा)

पण फुटबॉलचा चाहता या चौकटीत बसत नाही, आणि गंमत इथेच आहे. नाटकाचा रसिक उठतो तो कंटाळून, नाहीतर पार्किंगच्या चिंतेने. चाहता बहुतेक वेळा उठतो तो दुखलं म्हणून. संघ तीन गोलांनी जिंकत असताना कुणी लवकर निघालं तर ते फक्त ट्रॅफिकचं गणित असतं, त्यात फारसं काही नाही. हरताना उठतो तेव्हा त्याला पुढचं बघवत नसतं. मैदानात जे चाललंय तेच त्याचं खाजगी सुखदुःख आहे. तो म्हणतो 'आपण हरलो'. 'ते हरले' म्हणत नाही. अभिनवगुप्ताने ज्याला विघ्न म्हटलं, तेच चाहत्याचं भांडवल. म्हणून उठून जाणाऱ्याला प्रेमच नाही असं म्हणणं मला उथळ वाटतं. पुष्कळदा प्रेम असतं, सोसण्याची ताकद संपलेली असते.

तरीही तो एक विधान करतो. त्याचं उठणं सांगतं: 'संपलं.' हे विधान खरं की खोटं?

ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने सोलोन आणि क्रोयसस यांची गोष्ट सांगितली आहे. लिडियाचा अतिश्रीमंत राजा क्रोयसस विचारतो, जगात सर्वांत सुखी कोण? त्याला वाटतं आपलं नाव येईल. सोलोन म्हणतो, माणसाचा शेवट पाहिल्याशिवाय त्याला सुखी म्हणू नये. अ‍ॅरिस्टॉटलला हे पूर्ण पटलं नव्हतं. मेल्यावरच सुखी म्हणायचं, ही विचित्र अट आहे असं त्याचं म्हणणं, आणि त्यात तथ्य आहे. माणसाच्या बाबतीत वाद घाला. सामन्याच्या बाबतीत मात्र सोलोन अक्षरशः बरोबर ठरतो, कारण शेवट कधी हे खेळाच्या नियमानेच ठरवलेलं असतं, आणि तो जाहीर करायचा अधिकार एका माणसाच्या शिट्टीला दिलेला असतो.

२६ मे १९९९, बार्सिलोना. चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना, बायर्न म्युनिक विरुद्ध मँचेस्टर युनायटेड. सहाव्या मिनिटापासून बायर्न एक गोलने पुढे. नव्वद मिनिटं होत आली तेव्हा युरोपीय फुटबॉल संघटनेचे अध्यक्ष लेनार्ट योहान्सन करंडक द्यायला म्हणून लिफ्टने खाली निघाले. तेवढ्या वेळात वाढीव मिनिटांमध्ये आधी शेरिंगहॅमने आणि मग सोल्शायरने गोल केला. योहान्सन मैदानावर आले तर त्यांना उमगेना, की जिंकलेले रडतायत आणि हरलेले नाचतायत हा काय प्रकार! युरोपातल्या फुटबॉलचा सर्वोच्च अधिकारी, आणि त्याने त्या वर्षातला सर्वांत मोठा क्षण लिफ्टमध्ये घालवला.

बार्सिलोनाच्याच मैदानावर ८ मार्च २०१७ ला पॅरिस सेंट जर्मेनविरुद्ध बार्सिलोनाला सत्याऐंशीव्या मिनिटाला अजून तीन गोल हवे होते. लोक निघाले होते, आणि निघणाऱ्यांना वेडं कुणी म्हटलं नसतं. तीनही गोल झाले, शेवटचा वाढीव वेळेच्या पाचव्या मिनिटाला. आता तर वाढीव वेळही पूर्वीसारखी दोन-तीन मिनिटांची राहिलेली नाही. २०२२ च्या कतार विश्वचषकात वाया गेलेल्या प्रत्येक क्षणाची भरपाई द्यायची असं ठरलं, आणि इंग्लंड-इराण सामन्यात दोन्ही अर्ध मिळून सत्तावीस मिनिटं वाढली. घड्याळात नव्वद झाले म्हणून उठणारा आता तिसऱ्या अंकातच उठतोय म्हणा ना.

पण मित्रहो, या गोष्टींवर फार विसंबू नका. थांबा, चमत्कार होईल, हा युक्तिवाद लॉटरीचा आहे. १९९९ लक्षात राहतं कारण ते रोज घडत नाही. शंभरातल्या बहुतेक सामन्यांत ब्याऐंशीव्या मिनिटाला हरणारा संघ शेवटीही हरतो. क्रिस्टल पॅलेसविरुद्ध लिव्हरपूल हरलंच. उठून गेलेल्यांचं भाकीत खरं ठरलं. मग क्लॉप यांची तक्रार फुकट का?

नाही. कारण त्यांची तक्रार भाकिताबद्दल नव्हतीच, ती सोडून जाण्याबद्दल होती. अल्बर्ट हर्शमन यांचं १९७० चं एक छोटं पुस्तक आहे, 'एक्झिट, व्हॉइस अँड लॉयल्टी'. एखादी संस्था घसरायला लागली की तिच्या माणसांपुढे दोन वाटा असतात: निघून जाणं किंवा आवाज उठवणं. कुठली वाट कधी धरायची, हे निष्ठेवर ठरतं. निष्ठा असलेला लगेच निघत नाही, आधी बोलतो. फुटबॉलमध्ये क्लब बदलणं जवळपास अशक्य. एव्हर्टनच्या घरात जन्मलेला माणूस लिव्हरपूलचा होत नाही. म्हणजे खरी निघून जायची वाट बंद. उरतं ते दहा मिनिटं आधी उठणं: अर्धं निघून जाणं, अर्धं बोलणं. खेळाडूला ते ऐकू जातं. रिकाम्या होणाऱ्या खुर्च्या मैदानातून दिसतात.

याचा पुरावा त्याच मैदानावर तीन महिन्यांत मिळाला. क्लबने पुढच्या हंगामासाठी सर्वांत महाग तिकीट ७७ पौंडांचं जाहीर केलं होतं. ६ फेब्रुवारी २०१६ ला संडरलँडविरुद्ध लिव्हरपूल दोन-शून्यने पुढे असताना सत्याहत्तराव्या मिनिटाला हजारो चाहते ठरवून उठले आणि निघून गेले. संघ जिंकत होता हे लक्षात घ्या. पाठोपाठ संडरलँडने दोन गोल केले, सामना बरोबरीत सुटला. क्लॉप त्या दिवशी अपेंडिक्सच्या दुखण्याने मैदानावर नव्हते. चार दिवसांत मालकांनी दरवाढ मागे घेतली, माफी मागितली. ते उठणं इतकं जोरात ऐकू गेलं, कारण ही माणसं एरवी बसतात हे मालकांना माहीत होतं. रोज पंचाहत्तराव्या मिनिटाला अर्धं मैदान रिकामं होत असतं तर सत्याहत्तरावं मिनिट कुणाच्या ध्यानातही आलं नसतं.

म्हणजे बसणं ही एक ठेव आहे, आणि समोरच्यालाही आपण तिचं काही देणं लागतो असं मला वाटतं. १९ नोव्हेंबर २०२३ ला अहमदाबादला क्रिकेट विश्वचषकाचा अंतिम सामना भारत हरला. नव्वद हजारांहून अधिक लोक आले होते. ऑस्ट्रेलियाच्या हातात करंडक आला तेव्हा बहुतेक खुर्च्या रिकाम्या होत्या. जिंकणाऱ्याला साक्षीदार लागतो आणि हरणाऱ्याला सोबत लागते. त्या रात्री दोघांनाही ते पुरेसं मिळालं नाही.

उलट उदाहरण ब्राझीलचं. ८ जुलै २०१४, बेलो होरिझोन्ते, विश्वचषकाची उपांत्य फेरी, समोर जर्मनी. तेविसाव्या ते एकोणतिसाव्या मिनिटांत जर्मनीने चार गोल केले. अर्धा तास व्हायच्या आत पाच-शून्य. काही लोक मध्यंतरापूर्वीच रडत बाहेर पडले, त्यांना मी काही म्हणणार नाही. पण पुष्कळजण बसले. चमत्काराची आशा तिथे कुणालाच नव्हती, लॉटरीचं तिकीटच उरलं नव्हतं. एकोणऐंशीव्या मिनिटाला शुर्लेने सातवा गोल केला, चेंडू क्रॉसबारच्या खालच्या कडेला लागून आत गेला. आणि पिवळ्या शर्टातले ब्राझीलचे चाहते उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. स्वतःचं सगळं हरून झाल्यावर 'मी आणि माझं' सुटलं होतं. अभिनवगुप्ताचा सहृदय म्हणतात तो सातव्या गोलाला, एकोणऐंशीव्या मिनिटाला त्या खुर्च्यांवर येऊन बसला. नव्वदाव्या मिनिटाला ऑस्करने ब्राझीलचा एकमेव गोल केला. तोही त्यांनी पाहिला.