वाट, पाणंद, पाखाडी : पायी मार्गांचे शब्द आणि भाषांतर

मराठी ग्रामीण कथा-कादंबऱ्यांचे हिंदीत भाषांतर करताना ‘पगडंडी’ हा शब्द सहज हाती येतो आणि पायवाट, पाणंद, पाखाडी या तिन्हींना तो पुरेसा आहे असे वाटू लागते. वस्तुतः हे शब्द तीन निराळ्या रचनांचे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे जमिनीशी असलेल्या तीन निराळ्या संबंधांचे वाचक आहेत. त्यांचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

पायवाट कोणी बांधत नाही. ती पावलांनी पडते. मराठीत वाट ‘पडते’, रस्ता मात्र ‘काढला’ जातो, हा क्रियापदांचा भेद अर्थपूर्ण आहे. चालणे थांबले की एखाद्या पावसाळ्यात ती गवताखाली नाहीशी होते. याउलट पाखाडी ही बांधलेली वाट. कोकणातील उताराच्या गावांत पावसाच्या माऱ्यापुढे माती टिकत नाही, म्हणून जांभ्या दगडाच्या पायऱ्या वा फरसबंदी करून घर, विहीर, देऊळ जोडले जाते. तिच्यावरून गाडी जाऊ शकत नाही. पाखाडीचे गाव म्हणजे डोक्यावरून ओझे वाहणारे गाव.

पाणंदीचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे. दोन शेतांच्या बांधांमधून वा कुंपणांमधून जाणारी, माणसे, गुरे आणि बैलगाडी यांच्यासाठी राखलेली ही सामाईक पट्टी. दोन्ही बाजूंचे नांगर दरसाल तिच्यात थोडेथोडे सरकतात आणि मग तंटा उभा राहतो. बांधावरून जाण्याच्या हक्काची चौकशी महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ प्रमाणे तहसीलदाराकडे येते. वाटेत घातलेला अडथळा दूर करण्यासाठी मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ चा आधार घेतला जातो. अशा दाव्यांत पुन्हापुन्हा येणारा शब्द ‘वहिवाट’. चालत आलेला वापर हाच येथे हक्काचा पुरावा ठरतो. कथेतील पात्र पाणंदीत उभे आहे असे लेखक लिहितो तेव्हा भाऊबंदकीची ही सारी पार्श्वभूमी मराठी वाचकाला न सांगता कळते. ‘पगडंडी’त ती उरत नाही.

अर्थात भारतीय भाषांत समान धागेही आहेत. संस्कृत ‘वर्त्मन्’पासून प्राकृतमार्गे आलेली ‘वाट’ मराठीत आपण ‘पाहतो’, गुजरातीत ‘वाट जोवी’ म्हणतात, हिंदीत ‘बाट जोहना’, तर बंगालीत ‘पथ’ न्याहाळत राहतात. प्रतीक्षेची कल्पना चालणाऱ्याकडून नव्हे, तर घरी थांबलेल्याच्या नजरेतून घडली आहे. ही वाक्प्रयोगांची जुळणी स्वतंत्र अभ्यासास योग्य आहे.

‘फुटपाथ’ या उसन्या शब्दाने तर आपला अर्थच बदलला. इंग्लंडात तो मुख्यतः शेताकुरणांतून जाणाऱ्या, सार्वजनिक हक्काच्या पायवाटेचा वाचक आहे. मुंबईत तो रस्त्याच्या कडेचा उंचवटा, आणि साहित्यात बहुधा राहण्याची जागा. ‘पदपथ’ हा शासकीय प्रतिशब्द ही राहण्याची छटा वगळतो. १९८५ च्या ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क जीविताच्या हक्कात अंतर्भूत मानला, मात्र पदपथ अडवून राहण्याचा हक्क मान्य केला नाही. चालणाऱ्याची वाट आणि राहणाऱ्याचे घर एकाच शब्दात आल्याने झालेला हा पेच आहे.

वाट सामाईक असते हे गृहीतही तपासून घ्यावयास हवे. त्रावणकोरमधील वैकम सत्याग्रह (१९२४-२५) देवळात प्रवेश मिळविण्यासाठी नव्हता. महादेव मंदिराभोवतीच्या रस्त्यांवरून अवर्ण मानलेल्यांना चालता यावे, एवढीच मागणी होती. सुमारे वीस महिन्यांनंतर तीन बाजूंचे रस्ते खुले झाले. पूर्वेकडचा रस्ता तेव्हाही बंदच राहिला.