ट्रॉलीला टायर घेताना

दसऱ्याला अवजारांची पूजा होते, ट्रॅक्टरच्या बॉनेटवर झेंडूचा हार पडतो आणि पैठण, गंगापूर, कन्नड या बाजूला ऊसतोडीची चाहूल लागते. ट्रॅक्टरचे तेलपाणी सगळेच बघतात. मागची ट्रॉली मात्र पावसाळाभर गोठ्यामागे उभी असते, तिच्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही. तिची आठवण होते ती एखादे चाक बसले म्हणजे! मग छत्रपती संभाजीनगरच्या बाजाराला धावपळ सुरू होते आणि दुकानाच्या पायरीवर ठरलेले वाक्य ऐकू येते, "कोणता बी द्या हो, ट्रॉलीलाच तर लावायचाय!"

हे वाक्य फार महाग पडते. ट्रॅक्टर स्वतःच्या अंगावर ओझे घेत नाही, तो ओढतो. ओझे वाहते ती ट्रॉली, आणि ट्रॉलीला वाहतात तिचे चार टायर. सगळ्यांत जास्त भार ज्याच्यावर, त्याच्याच बाबतीत आपण "कोणता बी" म्हणावे, हे काही बरे नाही. तेव्हा भारी ट्रॉलीला बदली टायर घेताना काय पाहावे, ते आज जरा नीट समजून घेऊ.

पहिली गोष्ट अशी, की ओझे रबर उचलत नाही, आतली हवा उचलते. जॉन बॉयड डनलॉप या गृहस्थांनी १८८८ साली आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीला हवेची धाव बसवली, तेव्हापासून चाकाखाली हवा आली. आपल्याकडे लाकडी चाकाच्या गाडीला रबरी टायर लागले, तेव्हा लोक त्या गाडीला 'डनलॉपची गाडी' म्हणू लागले, आणि जुनी माणसे अजूनही तसेच म्हणतात. टायर म्हणजे त्या हवेची पिशवी. पिशवी जितकी बळकट, तितकी जास्त हवा तीत दाबून भरता येते, आणि जितका हवेचा दाब, तितके ओझे पेलते. ही बळकटी दोऱ्यांच्या थरांतून येते. पूर्वी सुती दोऱ्याचे थर मोजून 'इतक्या प्लायचा टायर' असे म्हणत. आता नायलॉनचा किंवा पोलादी तारेचा एक थर जुन्या अनेक थरांचे काम करतो. म्हणून टायरवर 'सोळा पी. आर.' लिहिले असेल तर आत सोळा थर आहेत असे समजू नका. सोळा सुती थरांइतके बळ आहे, एवढाच त्याचा अर्थ.

आता दुकानात जाण्यापूर्वी काट्यावर जा. वजनकाट्याची पावती हातात नसताना टायर घेणे म्हणजे माप न देता अंगरखा शिवायला टाकणे. भरलेली ट्रॉली एकदा सबंध तोलावी, मग फक्त पुढची चाके, मग फक्त मागची. काट्याच्या कडेची जमीन काट्याच्या पातळीत असेल तर एका बाजूची चाकेही वेगळी तोलून घ्यावीत. दोनच चाकांची ट्रॉली असेल तर ट्रॅक्टरला जोडलेली ठेवूनच तिची चाके काट्यावर घ्यावीत, कारण तिचा काही भार हुकावर जातो.

इतका खटाटोप कशाला, असे तुम्ही म्हणाल. एक हिशेब करून बघा. समजा, चार चाकांच्या ट्रॉलीचे मालासकट वजन ८,००० किलो भरले. चाराने भागले की चाकामागे २,००० किलो आले आणि आपण निश्चिंत झालो. पण पुढच्या आसावर ३,६०० आणि मागच्यावर ४,४०० किलो निघाले तर? आणि मागच्यातही डाव्या चाकावर २,३०० व उजव्यावर २,१०० आले तर? टायर सरासरीला बघून फुटत नाही, आपल्यावर पडलेल्या भाराला बघून फुटतो. म्हणून सर्वांत जड चाकाचा आकडा धरायचा, २,३००. त्यात खड्डे, वळणे आणि "आणखी दोन मोळ्या टाका" यांच्यासाठी शेकडा १५ मिळवायचे. झाले २,६४५ किलो. हा आकडा कागदावर लिहून खिशात ठेवा.

दुकानात टायर समोर आला की त्याच्या गालावरची अक्षरे वाचा. '९.००-२०' असे असेल तर टायरची रुंदी सुमारे ९ इंच आणि रिमचा व्यास २० इंच. दोन आकड्यांच्या मध्ये आडवी रेघ असेल तर तो साधा आडव्या-तिरप्या थरांचा टायर, आणि 'आर' हे अक्षर असेल तर रेडियल. एकाच आसावर एक साधा आणि एक रेडियल असे कधीही लावू नयेत. दोघांची वाकण्याची रीत वेगळी, चाल वेगळी. त्यानंतर एक आकडा असतो, त्याला भारांक म्हणता येईल. हा आकडा म्हणजे किलो नव्हेत, ती खूण आहे. १३२ म्हणजे २,००० किलो, १४० म्हणजे २,५००, १४२ म्हणजे २,६५० आणि १४६ म्हणजे ३,००० किलो. वरच्या हिशेबातला माणूस सरासरीवर विसंबला असता तर १३२ चा टायर घेऊन घरी आला असता. त्याला खरी गरज आहे १४२ ची. '१४६/१४३' असे दोन आकडे असले तर पहिला एकेरी चाकाचा आणि दुसरा जोडचाकाचा. जोडचाकात प्रत्येक टायरला थोडा कमी भार द्यायचा असतो, कारण दोघे सदैव सारखे काम करत नाहीत.

भारांकाशेजारी वेगाचे अक्षर असते. 'ए८' म्हणजे ताशी ४० किलोमीटर, 'जे' म्हणजे १००. हे अक्षर सोडून चालत नाही, कारण लिहिलेला भार त्या वेगापुरताच खरा असतो. बैलगाडीच्या टायरवर 'ए. डी. व्ही.' अशी खूण असते. हा टायर जनावराच्या चालीसाठी केलेला आहे. आजकाल तीच टायरगाडी लहान ट्रॅक्टरमागे जोडून ऊस नेतात. बैल ताशी चार-पाच किलोमीटर चालायचे, ट्रॅक्टर वीस-पंचवीसने पळतो. गाडी तीच, ओझे तेच, पण टायर मैलागणिक तापत जातो आणि शेवटी त्याचे थर सुटतात. दोष टायरचा नव्हे, कामच त्याचे नव्हते.

अशीच दुसरी चूक म्हणजे ट्रॅक्टरचे पुढचे जुने टायर ट्रॉलीला लावणे. ते वळण धरण्यासाठी असतात, टनांनी भार वाहण्यासाठी नव्हेत. तिसरा मोह ट्रकच्या उतरवलेल्या टायरचा. तो टायर जातीने भक्कम असतो हे खरे, पण तो का उतरवला हे विकणारा सांगत नाही. रबर चढवलेल्या टायरचेही तसेच. सांगाडा चांगला असेल आणि काम नीट झाले असेल तर तो चालतो. सांगाडा थकलेला असेल तर वरचे नवे रबर म्हणजे जुन्या भिंतीला नवा चुना. आत हात घालून बघावे. दोरे उघडे पडलेत का, आत ठिगळ आहे का, गालावर फुगवटा आहे का? एवढे जरी आढळले तरी स्वस्तातला सौदा सोडून द्यावा.

नवा टायर घेतानाही त्याचे वय विचारा, किंबहुना स्वतःच वाचा. गालावर लंबगोलात चार आकडे असतात. '२३२४' असेल तर २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तो तयार झाला. ट्रॉलीच्या टायरला वयाचे भय जास्त, कारण ट्रकचे टायर झिजून संपतात आणि ट्रॉलीचे बहुधा उभ्याउभ्या म्हातारे होतात. नक्षी ठळक दिसते, पण गालावर बारीक भेगांचे जाळे असते. पाच-सहा वर्षे झाली की दर हंगामाआधी जाणत्याकडून तपासून घ्यावे, आणि दहा वर्षांच्या टायरचा मोह धरू नये, मग तो दिसायला कसाही असो.

नक्षी कुठली घ्यावी? डांबरी रस्त्यावरच जास्त धाव असेल तर सरळ पट्ट्यांची घ्यावी. तो कमी तापतो आणि सरळ धावतो. काळ्या रानात शिरावे लागत असेल तर रुंद टायर बरा, कारण तो जमिनीत कमी रुततो. आपल्या भागात कपाशीची आणि तुरीची धसकटे भाल्यासारखी उभी असतात, शिवाय बाभळीचा काटा आहेच. तेव्हा गालाची जाडी आणि प्लायचे बळ यांत काटकसर नको. आपल्याच वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत बाळकृष्ण इंडस्ट्रीजने शेतीच्या टायरांचा कारखाना उभारला. सांगायचा मुद्दा हा, की शेतीच्या ओढगाड्यांसाठी खास टायर बनतात, ते मागितले तर मिळतात. मागणाऱ्याला काय मागायचे ते ठाऊक हवे.

टायर घेतला की जुनी ट्यूब त्यात कोंबू नका. ट्यूब वापराने ताणलेली असते, नव्या टायरात तिला घडी पडते आणि घडीवरच ती फाटते. ट्यूब आणि फ्लॅप दोन्ही नवे घ्यावेत. एका आसावर दोन्ही टायर एकाच मापाचे व एकसारख्या झिजेचे असावेत. एक बाब जिवाची आहे. ट्रकच्या पद्धतीच्या रिमला कडेने लोखंडी रिंग असते. हवा भरताना ती नीट बसली नसेल तर तोफगोळ्यासारखी उडते. अशा चाकात हवा भरायची ती पिंजऱ्यात ठेवूनच, समोर उभे राहून नव्हे. आणि चाक खोलण्यापूर्वी सगळी हवा सोडून द्यायची. चाक बसवल्यावर पन्नासेक किलोमीटर धाव झाली की नट पुन्हा आवळून घ्यावेत.

आणि मग हवा. "हातोडी मारली की आवाजावरून कळते" असे पुष्कळजण म्हणतात. कळत नाही! भरलेला टायर आणि वीस पौंड कमी असलेला टायर हातोडीला जवळजवळ सारखाच बोलतो. हवा कमी असली की टायरचा गाल प्रत्येक फेऱ्याला दुमडतो, दुमडण्याने तापतो, आणि तापलेले रबर दोऱ्यांना सोडू लागते. बहुतेक टायर काट्याने मरत नाहीत, कमी हवेने मरतात. मापकाची किंमत एका पंक्चरइतकीही नसते. सकाळी, टायर थंड असताना मोजावे. धावून तापलेल्या टायरात दाब वाढलेला दिसतो. तो पाहून हवा सोडू नये.

हंगाम संपला की ट्रॉली दगडांवर किंवा ओंडक्यांवर टेकवून चाकांवरचा भार काढावा, चाकांवर ओली नसलेली गोणपाटे टाकावीत आणि डिझेल-ऑईल सांडते त्या जागेपासून दूर ठेवावी. उन्हाने आणि तेलाने रबराचे आयुष्य जाते.

हा सगळा खर्च आणि खटाटोप कशासाठी, हे शेवटी सांगतो. टायर फुटला तर पैसे जातात, खेप बुडते, ऊस वाळतो. हे नुकसान भरून येते. पण तो फुटतो बहुधा रात्री, भर ओझ्यात. कन्नडच्या औट्रम घाटात किंवा धुळे-सोलापूर रस्त्यावर ट्रॉली अंधारात एका कुशीवर टेकते आणि मागून मोटारसायकलवर कुणी तरी घरी निघालेला असतो. त्याला ती दिसत नाही. म्हणून ट्रॉलीच्या पाठीला लाल चकाकणाऱ्या पट्ट्या लावा, गाडीत एक चांगली स्टेपनी आणि जॅक ठेवा, आणि टायर घेताना खिशातला तो कागद बाहेर काढा. दुकानदाराला सांगा, "कोणता बी नको, माझ्या ओझ्याचा द्या."