लोंबणारे पाऊल आणि मणक्याचे निदान

पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूपासून मज्जातंतूंच्या ३१ जोड्या निघतात आणि दोन मणक्यांमधील गादी सरकून त्यांपैकी एखाद्याच्या मुळावर दाब आला, तर त्याचा दुबळेपणा हातापायांच्या ठरावीक हालचालींत उतरतो. एका मुळावर अवलंबून असलेल्या स्नायूंच्या समूहाला मायोटोम म्हणतात; मात्र बहुतेक स्नायूंना एकाहून अधिक मुळांचा आधार असल्याने एकच मूळ दुखावले तर स्नायू सहसा पूर्ण लुळा न पडता अशक्त होतो.

मानेच्या पाचव्या मुळासाठी दंड बाजूला उचलणे, सातव्यासाठी कोपर सरळ करणे, कमरेच्या पाचव्यासाठी पायाचा अंगठा वर ओढणे, अशा हालचाली तपासणारा विरुद्ध जोर लावून पाहतो आणि दोन्ही बाजूंची तुलना करून ० ते ५ असे गुण देतो. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या नावाने रूढ असलेल्या या श्रेणीत ३ म्हणजे त्या हाताचे किंवा पायाचे स्वतःचे वजन उचलता येते पण विरुद्ध जोर पेलत नाही, तर ५ म्हणजे पूर्ण ताकद. पोटरी इतकी बळकट असते की तिच्यातील उणीव हाताच्या जोराने कळत नाही. म्हणून त्रिकास्थीच्या पहिल्या मुळासाठी एका पायावर उभे राहून टाच वारंवार उचलायला लावतात.

चालताना पाऊल लोंबत असेल, तर दोष कमरेच्या पाचव्या मुळात असू शकतो किंवा गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूने, हाडालगत जाणाऱ्या पेरोनियल मज्जातंतूवरील दाबात. पाऊल वर उचलणे दोन्हींत दुबळे होते. परंतु पाऊल आत वळवणारा आणि मांडी बाजूला नेणारे स्नायू पाचव्या मुळाचे असूनही पेरोनियल मज्जातंतूचे नसतात. त्यामुळे या दोन हालचालीही अशक्त असल्या तर संशय कमरेकडे वळतो आणि त्या शाबूत असल्या तर गुडघ्याकडे.

वेदनेमुळे रुग्ण पुरेसा जोर लावत नसेल तर ही चाचणी फसवी ठरते, म्हणून स्पर्शज्ञान आणि प्रतिक्षिप्त क्रियाही तपासाव्या लागतात. उलट, काही त्रास नसलेल्यांच्या एमआरआयमध्येही गादी फुगलेली दिसू शकते. तेव्हा चित्रात दिसणारा दोषच दुखण्याचे कारण आहे की नाही, हे या तपासणीशी मेळ घालूनच ठरते. दोन्ही पायांची ताकद झपाट्याने कमी होणे, जांघेजवळ बधिरपणा येणे किंवा लघवी अडकणे ही लक्षणे दिसली, तर मात्र रुग्णाला तातडीने रुग्णालयात न्यावे.